रियाज नशा करत नव्हता

रियाज, लोक म्हणतात, सुटला.

तुझ्या दारात बसायला आलेला जो तो हाच शब्द घेऊन आला. सुटला बिचारा. जसा काही तू गर्दीच्या एसटीत अडकला होतास आणि निलंग्याला उतरून गेलास. कशातून सुटला, हे कुणी विचारत नाही. आजारातून म्हणावं, तर आजार कुणाला माहीतच नव्हता, तूच माहीत होऊ दिला नाहीस. मग उरलं काय? जे उरलं ते लोक खालच्या आवाजात बोलतात आणि मी जवळ गेलो की पाण्याचा ग्लास उचलतात. "बटन खायचा म्हणे."

म्हणून लिहून राहिलोय. याला पत्र म्हण, पत्रक म्हण. माझी पत्रकं तुला कधीच आवडली नाहीत. "लेका, तुझ्या कागदाला उद्गारचिन्हांची फिट येते," म्हणायचास. तर या कागदात एकही उद्गारचिन्ह घालणार नाही. राग मात्र सगळा घालणार आहे. तो कमी करायला सांगणारा तू एकटाच होतास आणि तुला दहा दिवसांपूर्वी आम्ही माती दिली.

आपली ओळखच तुझ्या हातानं करून दिली. लातूरला अकरावीत होतो. मी औशाहून सकाळची एसटी पकडून यायचो, तू गल्लीतून चालत. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आपण शेजारी उभे होतो. सरांनी टेबलावर डस्टर आपटला आणि तुझ्या हातातली टेस्ट ट्यूब उडून माझ्या शर्टावर आली. सर म्हणाले, "नवाबसाहेब, नाटकं घरी." तू शांतपणे म्हणालास, "सर, नाटक असतं तर जिल्ह्यात पहिला आलो असतो." वर्ग खदखदा हसला. तेवढ्यात तुझा खांदा पुन्हा उडाला, कुणीही काही आपटलेलं नसताना, आणि मग कुणी हसलं नाही. माझ्या शर्टाला भोकं पडली. तू म्हणालास, "आता तू मला सोडू शकत नाहीस. शर्टाचे पैसे मी देणार नाही."

सोडलं नाही. तुझं घर मनियारांचं, बांगड्या भरणारं. गल्लीच्या तोंडाशी काचेचं दुकान. अब्बांच्या बोटांत काय जादू होती, बाईचं मनगट हातात घेऊन ते तिच्याशी सासरच्या गप्पा मारायचे आणि गप्पा संपेपर्यंत बांगड्या चढलेल्या असायच्या, एक फुटायची नाही. त्या दुकानात तू बसायचास. रचलेल्या काचेच्या मधोमध, कधी कुठं उडतील ठाऊक नसलेले हात घेऊन. एकदा एक अख्खा थर गेला. दुसऱ्या दिवशी अब्बांनी तुझा स्टूल उचलून दारात ठेवला. "बाहर बैठ बेटा, हवा लगती." तू मला हे सांगताना हसत होतास. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

सकाळी जास्त व्हायचं. झोपेतून उठल्यावर तासभर तरी तुला कुणी काही हातात द्यायचं नाही. अचानक आवाज झाला, कुणी मागून हात लावला, लिंबाच्या झाडांखालून गाडी गेली आणि ऊन-सावली डोळ्यांवर लपलपली, की दचके सुरू. आणि मधूनच ती मोठी फिट, पडणं, दात बसणं, लोकांनी नाकाला चप्पल लावणं. तू म्हणायचास, "फिटचं काही नाही रे. शुद्धीवर आल्यावर कुणाची चप्पल होती ते ओळखू येतं, त्याचा त्रास होतो."

आता गोळीचं सांगतो. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तुला तर पाठ होतं.

नववीत पहिली मोठी फिट आली तेव्हा दवाखान्यातून तुला गोळी मिळाली. फेनिटोइन. आपल्याकडं तिला नावच नाही, ती नुसती 'फिटची गोळी'. वाईट गोळी नाही ती. गावोगावचे कितीतरी लोक तिच्यावर उभे आहेत. पण फिट म्हणजे एकच आजार, आणि त्याला एकच गोळी, हे गणित आपल्याकडं असं पक्कं बसलंय की पेशंट त्यात बसला नाही तर पेशंट चूक. तुझ्या मोठ्या फिट थोड्या आवरल्या, पण हातपाय जास्त उडायला लागले. चाल दारुड्यासारखी झाली. अब्बा तुला घेऊन परत गेले. डॉक्टर म्हणाले, फरक नाही ना, मग गोळी वाढवा. वाढवली. तू आणखी पडायला लागलास. परत गेले. परत वाढवली. अम्मी म्हणाली होती, "डॉक्टरसाब, गोली खाया तो जास्ती होता." डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "बाई, शिकलेल्या किती आहात?"

हे वाक्य मी कुठल्याही पत्रकात छापू शकलो असतो. तू छापू दिलं नाहीस.

शेवटी अब्बांनी तुला हैदराबादला नेलं, आणि तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा तुझ्याकडं बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. नाकाला बोट लाव म्हणाल्या, चालून दाखव म्हणाल्या, मागून टाळी वाजवली. मग अब्बांना सांगितलं, हा वेगळा आजार आहे, फार थोड्यांना होतो, आईबापाकडून रक्तातून येतो. आणि यात ही गोळी उलटी पडते. ती हळूहळू काढली. व्हॅल्प्रोएट दिली, क्लोनाझेपाम दिली, पुढं लेव्हेटिरासेटाम जोडली. आजार बरा होणार नाही हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. "पण हे उडणं आवरता येईल. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत. ही क्लोनाझेपाम तर एकदम कधीच बंद करायची नाही."

त्यानंतरचा उन्हाळा मला नीट आठवतो. तू स्वतःहून औशाला आलास, एकटा, एसटीनं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मला बसवलंस, चहा मागवलास, कपातला चहा बशीत ओतलास आणि बशी दोन्ही हातांनी तोंडाला लावून फुर्रकन पिऊन दाखवलीस. हॉटेलवाल्याला काय कळणार कशाची मैफल चालली आहे. तू बशी खाली ठेवून माझ्याकडं असं बघितलंस, जसा काही आमदारकीला निवडून आलायस. "बघ विशू वाण्या. सांडला का एक थेंब?" दोन थेंब सांडले होते. मी म्हणालो, नाही.

त्या बशीसाठी मी त्या बाईंचा जन्मभर ऋणी आहे. औषध म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. शिबिरांत नाही, भाषणांत नाही.

पण त्याच बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि सगळं बिनसलं ते तिथून. अब्बा आणि अम्मी आते-मामे भावंडं. आपल्याकडं यात विशेष काही नाही, तुमच्यात नाही, आमच्या लिंगायतांत नाही, मराठ्यांत नाही. मामाची पोरगी हक्काची, सगळे असंच म्हणतात. बाईंनी दोषही दिला नाही. त्या इतकंच म्हणाल्या की दोघांकडून एकेक खोट आली तर आजार होतो, म्हणून घरात पुढं नात्यात लग्न ठरवताना आधी रक्त तपासा. परतीच्या गाडीत अम्मीनं ठरवलं, हे बाहेर जाणार नाही. तुझी धाकटी बहीण निलोफर. तिचं बोलणं लहानपणापासून निलंग्याच्या मामूच्या मुलाशी झालेलं. पुढच्या साली अब्बा गेले. मग तर मामूच घराचा आधार. निलोफर अब्बांच्या जागेवर बसून बांगड्या भरायला लागली, तू दारातल्या स्टुलावर, आणि आजाराचं नाव घरातल्या पेटीत.

मग बटन आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बटन म्हणजे झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या, पोरं नशेसाठी खातात त्या. तुझ्या गल्लीतली पोरं त्यात वाया जाताना तू स्टुलावर बसून बघत होतास. मी तेव्हा नांदेडला संघटनेचं पूर्णवेळ काम धरलं होतं. तूच मला फोन केलास. "तुमची क्रांती किनवटच्या जंगलातच होणार का? इकडं या की जरा." आलो. मोर्चा काढला. हलगीवाल्यांना तुझ्यापासून लांब, पार पुढं ठेवलं, तरी तू उडतच चालत होतास. तुझ्या हातात बोर्ड दिला तर तो आपोआप वरखाली व्हायचा आणि मागच्यांना वाटायचं, काय जोश आहे. "फुकटचा कार्यकर्ता भेटला तुला," तू म्हणालास. "दमत पण नाही, थांबत पण नाही."

त्या मोर्चाच्या पत्रकात मी एक ओळ घातली होती. फिटच्या पेशंटला याच जातीतली गोळी औषध म्हणून लागते, चिठ्ठीवर ती मिळालीच पाहिजे. तू ती ओळ खोडलीस. "गल्लीत लगेच विचारतील, फिटचा पेशंट कोण." मी भांडलो. तू म्हणालास, "निलूचं होऊ दे. मग माझ्या नावानं पोस्टर लाव." ओळ गेली. रियाज, याबद्दल मी तुझ्यावर अजून चिडलेलोय. मेलास म्हणून सूट मिळणार नाही.

मोर्चा गाजला. धाडी पडल्या. आणि मेडिकलवाल्यांनी त्यांच्या पद्धतीनं नशाबंदी केली: नशा विकणारे दोघं-तिघं जसे होते तसे मागच्या दारानं चालू राहिले आणि बाकीच्यांनी पुढच्या दारानं सगळंच ठेवणं बंद केलं. चिठ्ठी बघा, रजिस्टरला लिहा, तपासणीला दाखवा, एवढं कुणी करायचं? चौकातल्या दुकानात आपण दोघं गेलो होतो, आठवतं?

"क्लोनाझेपाम नाही ठेवत आम्ही."

"काका, चिठ्ठी आहे. हैदराबादची."

"चिठ्ठी काय बाबा, सगळ्यांकडंच असती. तुमच्यात तर पोरं झेरॉक्स काढून फिरायलीत. डोकं दुखत असंल तर दुसरी देतो, बोल."

'तुमच्यात' हा शब्द त्यानं किती सहज म्हटला. मी तोंड उघडलं तर तू माझा हात दाबलास, म्हणजे दाबायला गेलास आणि चापट बसली. "द्या काका, डोक्याची द्या," तू म्हणालास. "खाऊन तुमच्याच पायरीवर पडतो."

त्यानंतर मी नांदेडहून पाठवायला लागलो. चिठ्ठी दाखवून गोळ्या घ्यायच्या, डबीत घालून लातूरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायच्या, स्टँडवर निलोफर घ्यायला उभी. एक कंडक्टर भला होता. म्हणायचा, "डबीत काय, पेढे का?" मी म्हणायचो, हाव, पेढेच. काही महिने चाललं. मग नांदेडचा दुकानदारही म्हणाला, पेशंट लातूरचा ना, लातूरला घ्या. लातूर म्हणतं नाही ठेवत, नांदेड म्हणतं लातूरला जा. तू गोळ्यांचे तुकडे करून पुरवायला लागलास. मला सांगितलं नाहीस. सकाळी बशी कुणाच्या हातानं पितोस, हे मी विचारलं नाही.

आणि तो चौकातला दिवस. मी तिथं नव्हतो, तुझ्याच तोंडून ऐकलं. उदगीरहून कुणाकडून तरी एक पाकीट मिळवून तू येत होतास. पोलिसानं अडवलं. खिशात पाकीट सापडलं. त्यानं कानाखाली वाजवली, आवाजानं तुझं सगळं अंग उडालं, आणि तो बघ्यांना म्हणाला, "बघा, अजून उतरली नाही याची." वरच्या खिशात चिठ्ठी होती. रसाच्या गाड्याजवळ मामूच्या गल्लीतला माणूस उभा होता. तू चिठ्ठी काढली नाहीस. हात जोडलेस. "चुकी झाली साहेब, सोडा."

फोनवर मी ओरडत होतो. "चिठ्ठी होती की नव्हती खिशात?"

"होती."

"मग काय मेला होतास?"

"ऐक की. नशेडी सुधरतो. लोक म्हणतात, लग्न झालं की सुधरंल. रक्त सुधरत नाही. नशेडीच्या बहिणीला नवरा भेटतो रे, खराब रक्तवाल्याच्या बहिणीला न्हाई भेटत."

"आणि तिथंच द्यायची? त्याच रक्तात? न तपासता?"

"पोरगा चांगला हाय. तिला आवडतो."

"मी कुठं नाही म्हणतो? तपासा आणि द्या. तिच्या लेकरानं उद्या टेस्ट ट्यूब उडवली तर?"

मग म्हणालास, "तू लई बरोबर असतोस. तेवढाच तुझा प्रॉब्लेम आहे." आणि ठेवलास. हे भांडण तिथंच आहे. त्यानंतर आपण क्रिकेटवर बोललो, माझ्या आईच्या गुडघ्यावर बोललो. यावर नाही.

त्या सकाळचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं, तसंच सांगतो. मामू लग्नाची तारीख काढायला निलंग्याहून आले होते, मुक्कामाला होते. गोळ्या संपून काही दिवस झाले होते. पहाटे तुला फिट आली, ती थांबली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली. मामूंनीच रिक्षा आणली. ते काही वाईट माणूस नाहीत, तुला मांडीवर घेऊन बसले होते. निलोफरला म्हणाले, पोरीचं दवाखान्यात काय काम. गोळ्यांची नावं तोंडपाठ असलेली एकटी तीच, ती घरी राहिली आणि तिनं मला फोन केला.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, "आधीपासून काही आजार? काही नशा?" मामूंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "बटन की आदत है बोलते, साब." कारण निलंग्यात त्यांना तेच कळलेलं. डॉक्टरनं अम्मीकडं बघितलं. अम्मी शेजारी उभी होती. भाऊ शेजारी, पोरीचा होणारा सासरा. अम्मी गप्प राहिली.

मग त्यांनी फिटला जे देतात ते दिलं. आधी एक इंजेक्शन, त्यानं पूर्ण थांबेना म्हणून सलाईनमधून फेनिटोइन. मी एसटीतून अम्मीच्या फोनवर फोन लावत होतो. मामूंनी उचलला. मी त्या औषधाचं नाव सांगून राहिलोय, हे देऊ नका म्हणा, आणि ते म्हणतायत, "बेटा, इंग्रजी नाम मेरेको कायकु समझेंगा. डॉक्टर हैं ना, देख रहे." मी पोचलो तेव्हा चिठ्ठीचा फोटो त्या डॉक्टरपुढं धरला. माझ्याच वयाचा होता तो, डोळे लाल. वाचून म्हणाला, "हे आधी कुणी का नाही सांगितलं?" मग म्हणाला, "आता दिलं गेलंय. आम्ही पहिलं हेच देतो, प्रोटोकॉल आहे." तुझं सगळं अंग उडत होतं, पापण्यासुद्धा. संध्याकाळी थांबलं.

मी डॉक्टर नाही. त्या औषधानंच तू गेलास असं मी लिहिणार नाही. हैदराबादच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, गोळ्या अशा एकदम बंद होणं एवढंच पुरेसं होतं, वरच्या औषधानं किती बिघडलं हे आता कुणी सांगू शकत नाही. ठीक आहे. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहितो. जे औषध तुला लागत होतं ते अख्ख्या लातुरात तुला मिळालं नाही, आणि जे चालत नव्हतं ते मागायच्या आधी मिळालं.

तुला आठवतं, आपण एकदा मरणावर बोललो होतो? तू म्हणालास, "तुम्ही लिंगायत पण पुरता, आम्ही पण पुरतो. तुम्ही बसवून, आम्ही झोपवून. मला तुमच्यात घेऊ नका बाबा. जन्मात एका जागी स्थिर बसलो नाही, मेल्यावर कुठं बसू?" तुला खाली उतरवताना कफनातला तुझा उजवा हात माझ्या हाताला लागला. अजिबात हलला नाही. तुझा न हलणारा हात मला ओळखू आला नाही, रियाज. क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाला आणलंय.

काल दहाव्याचा फातेहा झाला. बायका आत, पुरुष ओसरीवर, मध्ये पडदा. मी कोपऱ्यात बसलो होतो. कुणीतरी सुरू केलं, आजकालची पोरं, बटन, मोबाईल. मामू जड आवाजात म्हणाले, "आदत बुरी थी बच्चे की. अल्ला माफ करे." सगळ्यांनी आमीन म्हटलं.

पडदा बाजूला झाला आणि निलोफर बाहेर आली. थेट पुरुषांत. हातात एक बांगडी नाही, मनगटं नुसती.

"मामू, भाई नशा नहीं करता था."

"अंदर जा बेटा."

"जाती. सुन लो, फिर जाती. वो बीमारी थी. खून की. अम्मी-अब्बा दोनों तरफ से आई. मेरे में भी हो सकती, तुम्हारे बेटे में भी. उसकी दवा दुकानवाले देते नहीं थे. इसलिए मरा."

आतून मामीचा आवाज आला, "क्या बक री ये? हमारे खानदान में ऐसा कुछ नहीं है." आणि मग अम्मी बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पडद्याआडून, बारीक आवाजात, पण ओसरीभर ऐकू आलं. "सच बोलरी. डॉक्टर ने मेरेको देखा था. मैं चुप रही. बेटी का घर बसाने को मैं चुप रही."

मग मामी उठली, तिच्यामागं तिच्याकडच्या बायका उठल्या, चपला शोधता शोधता आवाज चढले. मामू मला म्हणाले, "तुम्हारे पर्चों ने ये घर बिगाड़ा." नवरदेव होणार होता तो पोरगा चांगला आहे, तू म्हणालास ते खरं. तो बराच वेळ निलोफरकडं बघत उभा राहिला. मग बापामागून गेला.

सोयरीक मोडली. निलोफर आत जाऊन भांडी घासायला बसली. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "विशूभाई, अभी कुछ मत बोलो. तुम्हारी बात सही है, मालूम है मेरेको." तुझीच बहीण. हा कागद तिनं वाचलाय. अम्मीला वाचून दाखवलाय. अम्मी म्हणाली, मी गप्प राहिले तेही राहू द्या. एक ओळ निलोफरनं स्वतः काढायला लावली, ती तिची आणि त्या पोराची आहे. ती काढली.

तू बरोबर होतास का? खरं बोललं की बहिणीचं लग्न मोडतं, हे तू म्हणायचास आणि अगदी तसंच झालं. मी बरोबर होतो का? मी बरोबर असून तू कबरीत आहेस. या भांडणाचा निकाल मी एकट्यानं लावायचा नाही असं ठरवलंय, तुझ्या गैरहजेरीत जिंकण्यात काही मजा नाही.

काल तुझ्या घरून निघालो, तर गल्लीच्या वळणावर एक बाई थांबली होती. तोंडावर पदर. मघाशी उठून गेलेल्यांतलीच एक, आणि जाताना सगळ्यांत मोठ्यानं बोललेली. कोण, ते इथं लिहिणार नाही. मला बघून आजूबाजूला कुणी आहे का पाहिलं आणि जवळ आली.

"उस बीमारी में हाथ सुबह को जास्ती उड़ते क्या?"

मी म्हणालो, हो.

"कप गिरता?"

"गिरता."

मग म्हणाली, नातीचं वय बाराच्या पुढं आहे, फिट यायला दोन वर्षं झाली, फिटची गोळी चालू आहे, आणि गोळी घेतली की जास्त होतं. डॉक्टर वाढवून देतात. मी तिच्या मोबाईलमध्ये हैदराबादच्या बाईंचा पत्ता घातला. गोळी मनानं बंद करू नका, बाईंना दाखवा, मग त्या सांगतील तशी हळूहळू बदला, हे तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मान हलवली. नातीला हैदराबादला न्यायला मी स्वतः घरी येतो म्हणालो, तर एकदम दचकली, "नको, नको. तू नको येऊ घरकु. लोगां देखेंगे."

पाच-सहा पावलं गेली आणि परत आली.

"कागद में मेरा नाम मत डालना हां बेटा. उस लड़की का भी नको."

नाही घातलं, रियाज. घालायला हात शिवशिवत होता, पण नाही घातलं. उद्या सकाळी, पोरीचे हात उडायच्या वेळी, मी तिच्या दारात उभा राहणार आहे. लोगां देखेंगे तर देखने दो.